बकथॉर्न स्ट्रीटचा फेरा

ऑक्टोबरात पिशवी डाव्या खांद्याला कापते.
औषधं, पेन्शनचे चेक, थकलेल्या गॅसबिलांची लाल पाकिटं
यांचं ओझं मला कधी वाटलं नाही.
जड असतो तो गुळगुळीत कागद.
महापौर निवडायचाय, म्हणून येतो,
घरटी तीन, कधी पाच,
मेलेल्यांच्या नावेसुद्धा.

मी आर्डेला प्रुइट. एकवीस वर्षं हाच फेरा.
कुठलं कुत्रं चावतं, कुठली पायरी सुटलीय,
कुणाचा मुलगा तुरुंगातून लिहितो
आणि कुणाचा लिहायचा थांबला,
हे मला नगरपालिकेहून जास्त ठाऊक.

एका कागदावर आमचाच कोपरा, काळवंडलेला.
आडवी पिवळी फीत, नंतर चिकटवलेली.
'आणखी किती?' आणि खाली: एक हजार नवे पोलीस.
दुसऱ्यावर तोच कोपरा, तोच फोटो,
फक्त वरून गुलाबी सकाळ ओतलेली.
'तुरुंग नको, संधी हवी.'
फोटोवाल्यानं दोघांनाही विकला असणार.
तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत,
पैसे कुणी दिले ते:
'सुरक्षित उद्याचे शेजारी'.
शेजारी!
एकांचा पत्ता डेलावेअरमधली टपालपेटी,
दुसऱ्यांचा सॅन फ्रान्सिस्कोत, बाविसावा मजला.
उंटावरून शेळ्या हाकता, हाका,
पण उंट तरी एकदा या रस्त्यानं न्या.

चार हजार एकशे अठराला ओडेसा टॉलिव्हर.
तिनं दोन्ही कागद कठड्यावर पसरले,
चष्मा पुसला, पुन्हा घातला.
'दिवा लागलाय,' म्हणाली.
खांबावरचा दिवा फेब्रुवारीपासून बंद.
अकरा वेळा फोन केलाय तिनं, तारखा भिंतीवर आहेत.
कीनन गेला एप्रिलात, त्याच खांबाखाली,
आणि तपास करणारा अधिकारी आता फोन उचलत नाही.
'दिवा लागलाय म्हणजे फोटो त्याच्या आधीचा.
हे चाक बघ. हे कोपर बघ.'

मी पाहिलं. काळ्या फोटोत
एक सायकलचं चाक, एक कोपर, बाकी शाई.
गुलाबी फोटोत नेमकं तिथेच
उमेदवाराचं हसू चिकटवलेलं.
चाक कुणाचंही असू शकतं, असं मला म्हणायचं होतं.
म्हटलं नाही.

तिनं दोन पत्रं लिहिली, रेघांच्या कागदावर.
पोलीस वाढवा की कमी करा, यावर एक अक्षर नाही.
'फोटो काळा करण्याआधीचा हवा आहे.
पैसे देईन.'
तिकिटं मीच लावली, सरळ, जरा जास्तच सरळ.

मग मतदान झालं. कोण जिंकलं
ते तुम्ही वाचलं असेल; इकडे पिशवी हलकी झाली,
आणि साडेचारलाच अंधारतं म्हणून
मी कपाळावर बॅटरी बांधते.

बाविसाव्या मजल्यावरून उत्तर आलं:
'प्रिय ओडेसा, लढा संपलेला नाही,
फक्त पाच डॉलर पाठव.'
ती हसली. मला वाटलं होतं त्याहून बराच वेळ हसली.
'नाव तरी बरोबर लिहिलंय,' म्हणाली.
'पोलिसांच्या कागदावर ॲडेसा होतं.'

डेलावेअरचं पत्र आज परत आलंय.
पिवळी चिठ्ठी, छापील: पेटी बंद, पुढचा पत्ता नाही.
नियम असा की टपाल त्याच दिवशी पोचवायचं.
एकवीस वर्षांत मी एक पोस्टकार्डही मागे ठेवलेलं नाही.

चार हजार एकशे सोळा. जाहिरात, वीजबिल.
चार हजार एकशे अठरा. खिडकीत पडदा हलला.
मी औषधाचं पाकीट दिलं, थंडीबद्दल काही बोलले
आणि ते पत्र पिशवीच्या तळाशी,
माझ्या डब्याखाली, तसंच राहू दिलं.
उद्यापर्यंत.